कोटाळ्याच्या तटावर वीणा चढली तेव्हा

या, असे जरा पुढं सरका. मागं बसलात तर त्या पंख्याच्या घरघरीत अर्धं ऐकू येणार नाही, आणि माझ्या सांगण्यातलं अर्धं सोडलं तर हाती काही उरत नाही. आज सांगतो ती गोष्ट पोथीतली नाही. आमच्या कोटाळ्यातली आहे, दोन माघांमागची, आणि तिच्यात मी स्वतः भलत्याच जागी जाऊन बसलो होतो. ऐका तर.

कोटाळे म्हणजे वडूजवरून निघालात की तासाभराच्या आत लागणारं गाव. आमच्याकडं पाऊस घाईच्या पाहुण्यासारखा येतो, चहा टाकेपर्यंत उठून जातो. पण गावाच्या मावळतीला मोठं तळं आहे, आणि तळ्याच्या काठानं जुना तट आहे. एके काळी इथं भरलेलं शहर होतं म्हणतात. आता तीन बुरूज आणि मधली दीडशे पावलांची काळी भिंत राहिली आहे. तट कुणी बांधला यावर गावात चार मतं आहेत आणि मत मांडणारे तिघंच आहेत. आम्ही गावकरी वर फारसे जात नाही. शेळ्या जातात, आणि हल्ली मोबाईल घेऊन फोटोवाले जातात.

तटाच्या आत, दरवाजापासून हाकेच्या अंतरावर, विठोबाचं देऊळ. माघात तिथं सात दिवसांचा सप्ताह बसतो. दिवसा पारायण, रात्री कीर्तन, आणि रात्रंदिवस वीणा. या वीणेचं कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही, म्हणून नीट सांगतो. सात दिवस वीणा भुईला टेकू द्यायची नाही आणि नाव थांबू द्यायचं नाही. दोन-दोन तासांचे पहारे असतात. एकानं वीणा गळ्यात घालून उभ्यानं रामकृष्णहरी म्हणत राहायचं. पुढचा आला की वीणा त्याच्या गळ्यात घालायची, दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, मग सुटका. पुढचा आलाच नाही तर सुटका नाही. ताप असो, थंडी असो, पाहुणे आलेले असोत. एकेचाळीस वर्षं आमची वीणा अशी गळ्यांगळ्यांतून फिरत आली आहे.

आणि वीणा घ्यायची तर गळ्यात तुळशीची माळ पाहिजे. माळ आली की मांसमच्छी गेली. माझ्या गळ्यात माळ नाही, लपवून काय करू? कीर्तन म्हटलं की मी भरल्या ताटावरून उठतो, पण सासुरवाडी पडली कोयनानगरची, आणि धरणातला मासा सासूबाई ज्या हातानं करतात त्या हाताला नाही म्हणणं मला या जन्मी जमलेलं नाही. तेव्हा माझं काम सतरंज्या अंथरायचं, झटकायचं, आणि पहिल्या रांगेत बसून मान डोलवायचं. आमचा पखवाजवाला जोतिबा माझा साडू. त्याचीही तीच सासू, म्हणजे त्याचंही तेच.

त्या वर्षी आप्पासोंचा शेवटचा पहारा होता. आप्पासो म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांचा, सहा फुटी, कवठासारख्या गुडघ्यांचा माणूस. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन मिरजेला ठरलेलं. डॉक्टरांनी उभं राहायचं बंद करा म्हणून सांगितलं होतं. त्यावर आप्पासो म्हणाले होते, "माज्या हातनं विणा कवा भुईला गेली न्हाई. एवढा सप्ताह तसाच पार पडू द्या, मग काय कापायचं ते कापा." गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं, त्यामुळं सगळे त्यांना जपत होते. पाचव्या दिवशी दुपारी दोन ते चार त्यांचा पहारा, आणि चारला वीणा घ्यायची ती दादासोंनी.

दादासोंवर शंका घ्यायला जागाच नव्हती. पलटणीत बावीस वर्षं काढून हवालदार होऊन आलेला माणूस. त्यांच्या पावलावर गावानं घड्याळ लावावं. त्यांची एकच इच्छा अपुरी राहिली होती, ती म्हणजे कीर्तनाला उभं राहायची. पाठांतर भरपूर, आवाज खडा, पण थांबणं नाही. एकदा शाळेत झेंडावंदनाला त्यांना नुसते आभार मानायला उभं केलं, तर दोन पोरं उन्हानं चक्कर येऊन पडली. तेव्हापासून गावानं त्यांना टाळ दिला, चिपळ्या दिल्या, वीणा दिली, पण तोंड उघडायला जागा दिली नाही.

तर त्या दिवशी सव्वातीनच्या सुमाराला देवळापुढं एक पांढरी गाडी थांबली. सांगलीचे अजितकुमार, हळदीचे व्यापारी, आणि त्यांच्या पत्नी गुणमालाबाई. जैन मंडळी, दोघंही साठीच्या पुढची. वडूजला लग्नाला येऊन परत निघालेली, वाटेत तट दिसला म्हणून वळलेली. अजितकुमारांनी दादासोंना साधं विचारलं, की हा तट कोणत्या काळातला? दादासोंनी घड्याळ बघितलं, पाऊण तास हाताशी होता. म्हणाले, चला, वर नेऊन दाखवतो, अर्ध्या तासात खाली. मी सतरंजी झटकत होतो, मीच त्यांना दरवाजाची वाट मोकळी करून दिली. पुढं जे झालं त्याला तेवढा माझाही हात लागलेला आहे.

चार वाजले. दादासो नाहीत. सव्वाचार झाले. आप्पासो रामकृष्णहरी म्हणता म्हणता माझ्याकडं बघायला लागले, आणि नाव न थांबवता भुवयांनी जे बोलता येतं ते सगळं बोलले. जेवणं होऊन गडी माणसं रानात गेलेली, ऊसतोड चालू. पारायणाला बसलेल्यांना हातातला लांबलचक अध्याय संपल्याशिवाय हलता येत नाही. बायका होत्या, पण आमच्याकडं बाईनं वीणा घ्यायची रीत नव्हती. नव्हती म्हणजे कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हा दादासोंना आणायला मी निघालो.

तटाच्या पायऱ्या गुडघाभर उंच. धापा टाकत वर पोचलो तर काय बघतो, मधल्या बुरुजावर दादासो उभे, उपरणं कमरेला बांधलेलं, डावा हात कानाजवळ. पुढं भुईवर अजितकुमार आणि गुणमालाबाई हात जोडून बसलेले, चपला बाजूला काढून ठेवलेल्या. दादासोंना जन्मात पहिल्यांदा श्रोते मिळाले होते. त्यांनी तटाची माहिती द्यायला म्हणून सुरुवात केली होती, पण रीतीप्रमाणं आधी नमन केलं, नमन केल्यावर विषय मांडणं आलं, आणि विषय मांडल्यावर दृष्टांत आलेच. मी पोचलो तेव्हा देह हाच कसा कोट आहे आणि त्याला नऊ दरवाजे कसे आहेत ते चाललं होतं. तळं म्हणजे मन. तळ्यावर उतरलेली पाखरं म्हणजे विचार. आणि पलीकडं साखर कारखान्याचं धुराडं दिसत होतं, तो लोभ.

आता तुम्ही म्हणाल, सरळ जाऊन हाताला धरून ओढायचं. पण गड्यांनो, कीर्तन चालू असताना मधे बोलणं माझ्याच्यानं होत नाही. आईनं लहानपणी एकदा कीर्तनातून उठलो म्हणून घरी जेवण दिलं नव्हतं. सांगलीकरांचंही तसंच असणार, मुनींच्या प्रवचनाला बसणारी माणसं, मधूनच उठणं त्यांनाही शोभेना. अजितकुमार मनगट वळवून घड्याळ बघत, आणि गुणमालाबाई त्यांचं मनगट हळूच खाली दाबत. मी म्हटलं, एवढा दृष्टांत संपला की सांगू. बसलो. आणि खोटं कशाला बोलू, दादासो सांगत होते ते चांगलं होतं. बर्फात बारा महिने चौकीवर काढलेल्या माणसानं भिंतीवर बोलणं वेगळं असतं. माझी मान कधी डोलायला लागली ते कळलं नाही.

पावणेपाचला जोतिबा आला. मला आणि दादासोंना दोघांनाही न्यायला त्याला पाठवलेलं. गळ्यात पखवाज. पखवाजाच्या डाव्या तोंडाला त्यानं नुकतीच ओली कणीक लावली होती, आणि खाली ठेवला तर देवळातलं कुत्रं कणीक चाटून खातं, म्हणून तो तसाच गळ्यात घालून वर आलेला. मी त्याला बोटानं गप्प बस म्हणून खुणावलं. तो गप्प बसला. पण दादासोंनी पखवाज बघितला आणि त्यांचा आवाज एकदम वरच्या पट्टीत गेला. जोतिबाचा हात काय स्वस्थ बसणार? धुमाळीचा ठेका सुरू झाला. आम्ही टाळ्या धरल्या. अजितकुमारांनीसुद्धा धरल्या, फक्त त्यांची टाळी घड्याळाकडं बघत पडायची, म्हणून दरवेळी जरा मागं राहायची.

खाली आप्पासोंना देवळातून पखवाज ऐकू आला. तीन माणसं वर गेली आणि एकही खाली आलं नाही, उलट वर कीर्तन उभं राहिलं, हे त्यांना कळून चुकलं. सव्वापाच झाले होते. तीन तासांच्यावर उभा राहिलेला तो माणूस वीणा गळ्यात तशीच ठेवून, नाव न तोडता, देवळातून निघाला आणि तट चढला. कसा चढला ते मला आजही माहीत नाही. वर आला तेव्हा मुंडासं सुटलेलं, चेहरा घामानं ओला, आणि ओठांवर रामकृष्णहरी.

वास्तविक त्याच क्षणी सगळं संपायला हवं होतं. पण सवय वाईट. कीर्तन चालू असेल तर वीणेकऱ्यानं कीर्तनकाराच्या मागं जाऊन उभं राहायचं, हे आप्पासोंच्या पायांत बसलेलं. डोक्यात राग होता तरी पाय आपल्या जागेवर जाऊन थांबले. आणि दादासोंनी वळून बघितलं तर मागं वीणा. पुढं श्रोते, बाजूला पखवाज, मागं वीणा. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती वीणा आपली वाट बघत आहे, हे सोडून त्यांना सगळं आठवलं. ते थेट चौथ्या दरवाजापासून पुन्हा सुरू झाले.

पाच-दहा मिनिटं गेली असतील. मी सहज मागं बघितलं तर वीणेची खुंटी थरथरत होती. वारा नव्हता. थरथरत होते ते आप्पासोंचे गुडघे. मी उठून त्यांच्याजवळ गेलो आणि बसा म्हणालो.

"विणा घिऊन बसत्यात व्हय रं?" नावाच्या दोन फेऱ्यांमधे त्यांनी एवढं बोलून घेतलं. मग त्यांनी माझ्या गळ्याकडं बघितलं, जोतिबाच्या गळ्याकडं बघितलं. "एकाच्या गळ्यात मफलर, एकाच्या गळ्यात पखवाज. मासं खाल्लं तुमी साडवांनी, आन् काटा अडकला माज्या गळ्यात."

मी मान खाली घातली. जोतिबाचा हात थांबला. पखवाज थांबला तसे दादासो थांबले, आणि बुरुजावर आप्पासोंचं एकट्याचं, तुटत आलेलं नाव तेवढं ऐकू यायला लागलं. दादासोंनी मनगट बघितलं. सहाला दहा कमी. त्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. तो माणूस माझा मित्र आहे.

ते पुढं झाले, पण तेवढ्यात आप्पासोंचा डावा गुडघा मुडपला. दादासो आणि मी दोन बाजूंनी धावलो आणि त्यांना काखेत धरलं. आता सोडलं तर माणूस वीणेसकट खाली. धरलं तर वीणा घ्यायला हात नाही. दगडी फरशी वीणेच्या भोपळ्याखाली वीतभर अंतरावर होती. त्या वीतभरात आप्पासोंची एकेचाळीस वर्षं लोंबकळत होती.

तेव्हा गुणमालाबाई उठल्या. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मामा, मी घेऊ का?"

आप्पासोंनी त्या अवस्थेतही विचारलं, "माळ हाय का बाई?"

"गळ्यात नाही. हातात असते." त्यांनी पदराखालून सुताची जपमाळ काढून दाखवली.

मागनं अजितकुमार बोलले, पस्तीस वर्षांची तक्रार एकदाच कुठंतरी मांडावी तसे. "अहो, ती बटाटा खात नाही. कांदा नाही, लसूण नाही, गाजर नाही, मुळा नाही. चातुर्मासात तर मी काय खायचं ते मला कळत नाही."

आप्पासोंनी पुन्हा आम्हा दोघा साडवांकडं बघितलं. जोतिबा हळूच पुटपुटला, की आप्पा, बाईच्या गळ्यात वीणा, गावात तशी रीत नाही.

"रीत खाली देवळात हाय रं," आप्पासो म्हणाले. "हितं माजं गुडघं हायती."

बाई वीणेखाली हात देऊन उभ्या राहिल्या, पण घेईनात. म्हणाल्या, "एक सांगते. तुमचं नाव मी घेईन. पण मला सवय आमच्या णमोकार मंत्राची आहे, लहानपणापासनं. मधेच तेच आलं तर तुमचं मोडेल का?"

आप्पासोंनी नावाची एक फेरी पुरी केली. मग म्हणाले, "बाई, थांबू नका म्हंजे झालं. कुणाचं नाव कुणाला पोचतं ते त्येचं त्यो बघून घील."

आणि वीणा गुणमालाबाईंच्या गळ्यात गेली. आप्पासोंना वाकता येईना, म्हणून त्यांनी दोन्ही हात जोडले. बाईंनी तारेवर बोट टाकलं आणि रामकृष्णहरी सुरू केलं. जरा कापरा, पण गोड गळा. चारपाच फेऱ्यांनी मधेच णमो अरिहंताणं आलं, पुन्हा रामकृष्णहरी आलं, आणि दोन्हीची चाल अशी बसली की जोतिबाच्या बोटांनी आपसूक ठेका धरला.

दादासोंना आणि मला हातांची खुर्ची करून आप्पासोंना खाली न्यावं लागलं. पुढं जोतिबा, मागं वीणा घेऊन बाई, त्यांच्यामागं आम्ही तिघं, आणि शेवटी अजितकुमार, हातात बायकोची पर्स आणि सगळ्यांच्या चपला. एकेक पायरी बाई पायानं चाचपून उतरत होत्या. नऊवारीतली नाही, सहावारीतली बाई, पायऱ्या गुडघाभर, आणि दोन्ही हात वीणेवर. आप्पासो आमच्या हातांवरून प्रत्येक पायरीला सांगत होते, बाई डावीकडं, बाई तिथं दगड हलतो. तळ्यात दिवस टेकला होता. पाणी सगळं केशरी.

गावात शिरलो तर बायकांना वाटलं, वीणेची गावप्रदक्षिणा निघाली. रीतीप्रमाणं त्या पाण्याचे तांबे घेऊन धावल्या, वीणेकऱ्याच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावायला वाकल्या, आणि पायांत जोडवी दिसली तेव्हा वर बघितलं. सगळ्यांत पुढं आमच्या गावच्या माळकरी मनूबाई होत्या, त्यांचा तांबा हातात तसाच राहिला. मग त्यांनी उरलेलं पाणीही घातलं.

देवळात दादासोंनी वीणा घेतली. बाईंच्या पायावर डोकं ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही. मग ते देवापुढं उभे राहिले ते सहाऐवजी रात्री दहापर्यंत, दोन माणसांचे पहारे एकट्यानं, आणि तेवढ्या वेळात नावाखेरीज एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. गावाला त्याचंच जास्त नवल.

बायकांनी पाहुण्यांना बसवलं, पानं मांडली. अजितकुमार दाराशी जाऊन आभाळाकडं बघून आले आणि मुकाट्यानं बायकोशेजारी बसले. गुणमालाबाईंनी प्रसादाची शिऱ्याची मूद पदरात बांधून घेतली आणि उद्या सकाळी खाऊ म्हणाल्या. पाणीही नको म्हणाल्या. तेव्हा आम्हाला कळलं. दिवस मावळल्यावर त्या अन्नाचा कण घेत नाहीत, पाण्याचा घोट घेत नाहीत. गाडीत चपाती-उसळीचा डबा होता, साडेपाचला तळ्याकाठी खायचा म्हणून आणलेला. सकाळपासून लग्नाच्या गर्दीत जेवण धड झालेलं नव्हतं. पायऱ्या उतरताना दिवस बुडत होता तो त्यांना आमच्यापेक्षा जास्त दिसत होता. डबा शंभर पावलांवर होता. त्यांनी वीणा कुठं टेकवली नाही.

सुलाबाई, आप्पासोंची बायको, त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत होती, ती रडायला लागली. गुणमालाबाई तिलाच समजावत बसल्या, की अहो, एका रात्रीचं काय, आम्हाला सवय असते.

रात्री पारायणवाल्यांपैकी एकानं शंका काढलीच, की सप्ताह मोडला का राहिला? आप्पासो सतरंजीवर आडवे होते. म्हणाले, "विणा भुईला लागली न्हाई, नाव थांबलं न्हाई. तरीबी शंका आसंल तर वर गेल्यावर इचारू. मला काय घाई न्हाई, आधी मिरजंला जायाचं हाय." आणि ते त्या रात्री गाढ झोपले. सुलाबाई सांगते, घोरले म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनूबाई देवळात आल्या. गळ्यातली माळ पदरावर काढून ठेवलेली, सगळ्यांना दिसावी अशी. म्हणाल्या, "आप्पासोंचा दोन ते चारचा पहारा मोकळा हाय न्हवं? मी घेते. रीत न्हाई म्हणणाऱ्यानं म्होरं यावं." कुणी पुढं आलं नाही. मी तर सतरंजीच्या मागं उभा होतो.

आता तुम्हाला उशीर होत असेल, आणि मला थांबायला दादासोंइतकंच जड जातं. एवढंच मागतो. कधी दिवस मावळायच्या वेळेला तुमचं ताट समोर आलं, भूक लागलेली असली, तर पहिला घास उचलायच्या आधी सांगलीच्या गुणमालाबाईंची आठवण काढा. नाव तुमच्या सवयीचं घ्या, कुठलंही.